त्या दिवशी लौकी घातली नाही

६ मे
आज नऊ वेळा हात चिरडला. कॉम्प्युटरमधला. चाचणीच्या बेंचवर प्रेस नाहीच, प्रेसचं सोंग आहे. कंट्रोलर मात्र खरा. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपण खरोखर साठ टनी प्रेस चालवतोय. मी हात आत गेल्याचा सिग्नल सोडायचा, त्यानं ब्रेक मारायचा. एकदाही पास नाही. दहाव्या वेळी कीबोर्ड भिंतीवर हाणला. बॉस त्रिपाठीजी शांतपणे, "मैडम, मशीन से क्यों लड़ती हैं?" मग कुणाशी, तुमच्याशी?

७ मे
दोष तारेचा. ब्रेक लागल्याची खबर आणणारी तार सैल आहे. नवी कानपूरहून येणार. तोवर ती खबर जबरदस्तीनं 'लागला' अशी धरून ठेवली, म्हणजे बाकीचं काम अडायला नको. तार आली की काढायचं.

१० मे
तार आली, लावली. दोनशे चाचण्या, सगळ्या पास. रिपोर्टवर सही ठोकली. संध्याकाळी कपूरथला चौकात चाट.

१३ मे
बडा मंगल, इथला हनुमानाचा सण. जागोजाग भंडारे, सगळ्यांना लवकर सुटायची घाई. चिनहटच्या कारखान्यात खऱ्या प्रेसवर प्रोग्रॅम चढवला. रामनरेश तिथला जुना ऑपरेटर. त्याचा नेम ठरलेला: नवा प्रोग्रॅम आला की आधी प्रेसखाली एक लौकी, म्हणजे आपला दुधी, घालायची. दुधी वाचला तर मग स्वतःचा हात. आज लौकी आणायला जातच होता. मीच म्हटलं, रहने दो, बेंचवर हात दोनशेदा वाचलाय.
"हाथ डालूँ, मैडम?"
"डालिए."
डावा हात. मनगटापर्यंत. बेंचवर आवाज नसतो.

१४ मे
हॉस्पिटल. रामनरेशची बायको सुनीता मला बघताच धावून आली. थोबाडीत, पुन्हा थोबाडीत, मग केस धरून डोकं भिंतीवर. "तूने डलवाया!" मी हात उचलला नाही. नर्सनं सोडवलं तेव्हा वाईट वाटलं, अजून मारायला हवं होतं. कपाळाला दोन टाके.

१५ मे
लॉग उघडला. ती खबर सात तारखेपासून तशीच धरलेली. तार बदलली, पण जबरदस्ती काढायची राहिली, म्हणून दोनशे पास. लावणाऱ्याचं नाव: माझं.
काढून पुन्हा चालवलं. पहिल्याच फेरीत हात गेला. तार तर आता नवी. म्हणजे प्रोग्रॅमच ब्रेक उशिरा मारतो, पहिल्या दिवसापासून. मला थांबताच येईना. चाळीसेक वेळा तोच हात चिरडत बसले.

१६ मे
त्रिपाठीजींना लॉग दाखवला. म्हणाले, "इसे उड़ा दीजिए. लिख देंगे, ऑपरेटर ने बिना पूछे हाथ डाला." विचारलं होतं त्यानं! पेपरवेट उचलला आणि त्यांच्या टेबलाच्या काचेवर घातला. काच फुटली, एक तुकडा त्यांच्या गालाला लागला. रक्त बघून बरं वाटलं. याची लाज घरी आल्यावर वाटली.
इरा, "मम्मा, आपको जेल होगी क्या?" तिच्यावर उगाच खेकसले. नऊ वर्षांची पोर. जेवलीच नाही.

१८ मे
रामनरेश आज शुद्धीवर. सुनीता दारात उभी, मला आत जाऊ दिलं. मनगटाखाली नुसती पट्टी. हळूच म्हणाला, "सब कह रहे हैं हमने बिना पूछे डाला. मैडम, हमने पूछा था न?"
मी "हाँ" म्हटलं. खोलीत आम्ही तिघंच.
उद्या दहाला चौकशी समिती. हेच विचारतील, आणि ऐकायला त्रिपाठीजी समोर असतील. लॉगची प्रत पर्समध्ये आहे. सकाळपासून तीनदा फाडायला काढली, तीनदा परत ठेवली.
येताना महानगर बाजारातल्या भाजीवाल्या भैयाकडून लौकी घेतली, का कोण जाणे. ओट्यावर पडलीय. सुरी लावायला हात धजेना.
एक "हाँ" तर म्हणायचंय. आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज फुटला नाही.