वळणाची तार

तुमसर, १२ मार्च १९८१

ट्रक अजून उभाच आहे. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी फुटली, तुटून वाटेतच कुठं पडली. मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी, तिच्या नळ्या बाजारात कुठल्या मिळणार? त्या रामाजी मिस्त्रीनं हातानं वळवून बसवल्या होत्या. तांब्याची नळी मी नागपूरहून आणली, नट इथेच मिळाले. पण वळण कुठून आणू? मूर्खासारखं सुतळीनं माप घेतलं. सुतळीत लांबी येते, वळण येत नाही. नवा मिस्त्री म्हणाला, "नमुना आणा."

तेव्हा आठवलं. रामाजी आधी जाड तार वाकवून बघायचा, मगच नळीला हात लावायचा. माझ्या गाडीची तार त्याच्या घरी खुंटीला असायची. तो जाऊन तीन महिने झाले. आज बपेऱ्याला त्याच्या घरी गेलो. वहिनीला तार विचारली.

"ते वाकडी-तिकडी तार? मीनंच ठोकून सरळ केली, भाऊजी. कपडे वाळवाले अंगणात बांधली. तुमाले काही काम होतं का तिचं?"

"नाही," म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तारेवर रामाजीचाच खाकी सदरा वाळत होता. माणूस नाही, मग सदरा धुतला कायले? चहा पिऊन निघालो.

आता बसल्या बसल्या तीच तार दिसून राहिली. ओल्या सदऱ्याच्या भारानं ती मधोमध जराशी वाकली होती. तेवढंच वळण उरलं.