मावशींना दाखवलेला मंगळ

रविवार, सकाळचे सव्वासात. झोप नाही.

मंगळवेढा रोडवर रात्रभर अंतराळाच्या संगीताचा कार्यक्रम आहे, तुमची दुर्बीण हवीच, असं आयोजक म्हणाले म्हणून गेलो. कसलं अंतराळ? गिटारवाले एकच सूर वीस मिनिटं ताणत होते, मग टेक्नोवाल्याचं धाडधाड. पडद्यावरचा शनी उलटा फिरत होता. आणि तो मशीनचा धूर! एक तारा दिसेना. कुणी न शिकवता, तेरा महिने आरसा घासून केलेली माझी दुर्बीण. पोरं तिला टेकून फोटो काढत होती.

पहाटे चहाच्या गाडीवरच्या मावशी आल्या. रात्रभरात खरोखर डोळा लावणारं पहिलं माणूस. धुरातून तेवढाच दिसत होता म्हणून मी दुर्बिणीची नळी मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर लावून ठेवली होती.

"मंगळ हाय की ह्यो?"

"हो," मी म्हणालो. मी! का म्हणालो?

त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला. "अवो, उठा की! मंगळ बघितला म्या. लई लाल हाय!"

मग माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आल्या. "एवढं दावलंसा," म्हणाल्या.

तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.