पोपटाला न दिलेला अंगठा

चिरंजीव अमरसिंह यास तुझ्या तानाआत्याचा पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळं क्षेम हाय असं पत्राच्या तोंडाला घालायची रीत हाय, म्हणून घातलं. खाली वाचत जाशील तसं क्षेम कमी होत जाईल. तुझी आई बाळाबाई गुडघ्याला सध्या काय लावती? गेल्या खेपेला मी दिलेलं तेल तिनं समईत घातलं असं कानावर आलंय. असू दे, देवाचे गुडघे तरी बरे होतील. सूनबाईला विचारलंय म्हणून सांग. गेल्या दिवाळीला तू दिलेली कापडी पिशवी लई टिकाऊ निघाली, कोडोलीच्या बाजाराला मी तीच नेते. (लिहिणारी आपली प्रियदर्शनी, माझी नात, सातवीतली. तिचे आईबाप चाकणला कामाला, म्हणून शाळेच्या दप्तरात पालक मी. अक्षर तिचं, राग माझा. गल्लत करू नको.)

माझ्या अंगठ्याची रीत तुला ठाऊक हाय, तरी पुन्हा सांगते, कारण साऱ्या वाडीला आता तो माझा आडमुठेपणा वाटायला लागलाय. नवीन लग्न होऊन आलते तेव्हा मामंजींनी एका कागदावर माझा अंगठा घेतला. महिन्याभरानं एक बाई मला 'संचालक' म्हणून हाक मारायला लागली, तेव्हा कळलं की मी दूध संस्थेवर निवडून गेले हाय. दोन वर्षांनी दुसऱ्या अंगठ्यानं मी राजीनामाही दिला. मधल्या काळात मी काय कारभार केला, ते मला अजून कुणी सांगितलेलं न्हाय. चांगलाच केला असणार. त्या दिवसापासून माझी रीत ठरली. कागद येणारा असो की जाणारा, दोन माणसांनी वेगवेगळा वाचायचा, एकानं काय सांगितलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं न्हाय. दोघांचं जुळलं तर अंगठा. न जुळलं तर कागद आल्या वाटेनं परत.

तर जूनमध्ये शाळेत टॅब आले. सरकारनं घेऊन दिले. पाठीवर एक निळा पोपट, चोचीत पेन. आत अभ्यासाचं ॲप. पोरानं त्याला धडा वाचून दाखवायचा आणि त्यानं पोराला गुण द्यायचे. (प्रियाला म्हणालं, 'उच्चार सुधारा.' मी म्हटलं, आधी त्याला विचार, तुझं गाव कुठलं?) टॅब आले जूनमध्ये आणि त्याचं संमतीपत्र आलं ऑगस्टात. म्हणजे बारसं आधी आणि सोयरीक मागनं. अकरा पानं, सगळी इंग्रजी. मराठी ओळ एकच, ती शेवटी, अंगठ्याच्या जागेच्या वर. ती काय, ते ऐक : 'मी वरील सर्व मजकूर वाचून समजून घेतला आहे.' बाबा रे, ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी म्हातारी माणसं हायत की न्हाय?

पहिलं वाचायला दिलं हेडमास्तर श्रेणिक सरांना. माणूस वाईट न्हाय, गरिबाचा हाय. त्यांनी पानं कोंबडीचं पीस उडवावं तशी उडवली आणि म्हणाले, "काय न्हाय ओ आजी, अभ्यासाचंच हाय." अकरा पानांचं वाचन एका दमात झालं. दुसरं वाचन शेजारच्या स्वप्नालीनं केलं. ती बी.एस्सी. झालेली सून, तिला दोन दुपारी लागल्या. तिच्या वाचनात निघालं की पोरीचा आवाज ठेवणार, पोरीचा चेहरा ठेवणार, टॅब कुठल्या घरात किती वाजता उघडला ते ठेवणार, आणि 'सहयोगी संस्थांना' देणार. त्या संस्था कोण, ते न्हाय. किती वर्षं ठेवणार, ते न्हाय. आता सांग, दोघांचं जुळलं का? मी कागद परत पाठवला.

त्याचं फळ पोरगी भोगती. वर्गातल्या बत्तीस पोरांच्या हातात टॅब, प्रियाचा कपाटात. टॅबच्या तासाला ती व्हरांड्यात. गेल्या आठवड्यात तर तिला कुंड्यांना पाणी घालायला लावलं. सहामाहीची परीक्षा त्या टॅबवरच होणार हाय आणि संमती न्हाय तर परीक्षा न्हाय. (लिही की ग, लाजती काय? कुंड्या चांगल्या वाढल्यात तेही लिही.) 'संमती' म्हणत्यात याला! न्हाय म्हणायची सोयच ठेवली न्हाय, तर हो म्हणण्याला काय किंमत? चोरसुद्धा दारावर थाप मारून 'येऊ का' विचारत न्हाय. पण तो निदान विचारल्याचं सोंग तरी करत न्हाय.

मग पालकांची सभा लागली. टॅबच्या कंपनीचं एक पावणं आलं होतं, इस्त्रीचं. मी उभी राहिले. म्हटलं, पावणं, आमच्या डेअरीत फॅटचं मशीन आधी आतल्या खोलीत असायचं. आम्ही बायकांनी भांडून ते बाहेर आणलं, आता ज्याचं दूध त्याच्या डोळ्यांसमोर मोजतात. तसं तुमचं यंत्र उघडून दाखवा. आमचं कोण शिकलेलं असंल ते बघंल. पावणं म्हणालं, "आजी, आतलं दाखवता येत नाही, ती कंपनीची मालकी आहे." म्हटलं, सरकारनं घेतलंय न्हवं? म्हणालं, "सरकारनं वापरायला घेतलंय." म्हणजे गावानं विहीर पाडायची, गावानं पाणी भरायचं, आणि झाकणाचं कुलूप पावण्याच्या खिशात. वर पाणी कसलं हाय ते विचारायचं न्हाय! मला असा संताप आला, असा आला, की खुर्ची मिळाली होती तीसुद्धा परत केली.

तेवढ्यात शाळा समितीचा अध्यक्ष विजयसिंह उठला. "तानाबाई, शिकल्यासवरल्या लोकांनी सह्या केल्यात, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, न्हाय कळत बाबा, म्हणून तर विचारते. तू शिकलेला, तिसऱ्या पानावर काय हाय ते सांग. विजयसिंहानं मोबाईल बघितला, छत बघितलं, मग म्हणाला, सगळ्यांनी केली म्हणून मी केली. त्याच्या शेजाऱ्यानं त्याची बघून केली होती. अशी उतरंड लागत लागत श्रेणिक सरांवर आली. सर खालमानेनं म्हणाले, "वरून आलं होतं. वरच्यांनी वाचलंच असेल." अमर, एवढ्या सभेत तो कागद पुरा वाचून घेतलेलं माणूस एकच, आणि त्याला वाचता येत न्हाय. हसलास? हस. मी हसले न्हाय.

येत्या शनिवारी पुन्हा सभा हाय, आणि पोरीची परीक्षा सोमवारी. बाकी सगळं क्षेम. (आता राहिलंय कुठं?)

तुझी तानाआत्या
(आशीर्वाद मोकळ्या हातानं, अंगठा न्हाय.)

ता. क. मला अक्षर ओळखू येत न्हाय, पोपट ओळखू येतो. तुझ्या पिशवीवर चोचीत पेन धरलेला निळा पोपट हाय. गेल्या दिवाळीपासनं मी त्याच्यातनं वांगी आणते. तू 'पुण्यात कॉम्प्युटरचं करतो' एवढंच सांगितलंस आणि मी पेढे वाटले. तर शनिवारी ये. अकरा पानं मराठीत वाच, सभेपुढं, मोठ्यानं. तू तुझ्या कंपनीचा म्हणून न्हाय, माझं पहिलं वाचन म्हणून ये. दुसरं स्वप्नालीचं तयार हाय. जेवायला ये, पांढरा-तांबडा रस्सा करते. पोपटावरचा राग वेगळा ठेवीन.

ता. क. अमरकाका, आजी म्हशीला वैरण घालायला गेली आहे, म्हणून हे मी लिहिते. आजीला सांगू नका. जूनमध्ये टॅब मिळाले त्याच दिवशी बाई म्हणाल्या, सगळ्यांनी निळं बटण दाबा, नाहीतर पुढे जात नाही. त्यावर 'पालक म्हणून मला मान्य आहे' असं होतं. मी दाबलं. मग त्यानं माझा फोटो घेतला आणि धडा वाचून घेतला. आजी इतकी भांडते आहे, आता कसं सांगू? ते पुसता येतं का?

ता. क. हे अक्षर स्वप्नालीचं, बोलणं तुझ्या आत्याचं. जाणारा कागदही मी दुसऱ्याकडून वाचून घेते, हे पोरगी विसरली. मी तिला रागावले न्हाय. बाईंनी दाबा म्हटल्यावर बारा वर्षांचं पोर काय करणार? मी तरी मामंजींना कुठं विचारलं होतं! जवळ घेतलं आणि म्हटलं, तूही संचालक झालीस ग. पण अमर, तिनं माझ्या नावानं दाबलं, आणि तुमच्या पोपटाला ते चाललं. मग ऑगस्टात माझा अंगठा कशाला मागत होता, शोभेला? पोरगी व्हरांड्यात बसून ज्याला न्हाय म्हणत होती, ते तुम्ही जूनमध्येच घेऊन गेला होता. हो म्हणायचं बटण तुम्ही निळं, एवढं मोठं केलंत. परत घ्यायचं कुठं ठेवलंय? शनिवारी येताना तेवढं घेऊन ये. यायला जमलं न्हाय तर उत्तर कागदावर पाठव. दोघांकडून वाचून घेणार हाय.