शपथवाली

रविवार, दुपार.
उद्या शाळा उघडणार.

प्रिय धाकटे,

खूप खूप आशीर्वाद. तू, तुझे अहो आणि आमची भिंगरी मजेत असाल असं धरून चालते. दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायला बसले म्हणजे ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तू म्हणशील. खुशाल म्हण. फक्त मध्येच वाचायचं सोडू नकोस.

आधी तुझ्या रागाबद्दल. भिंगरीच्या युनिफॉर्मसाठी फोन करकरून तू दमलीस. मी कधी म्हटलं कापड आलं नाही, कधी मशीनचा पट्टा तुटला, कधी काजं राहिली. काल तू फोनवर म्हणालीस, "जगाच्या पोरींचे कपडे वेळेत आणि सख्ख्या भाचीचाच नेमका राहतो? वा गं वा!" मी हसण्यावारी नेलं. तू फोन आपटलास तो मला इथे ऐकू आला.

तू बोलावतेस तरी संध्याकाळी मालिका बघायला मी येत नाही, हाही राग आहेच. सीझनचं काम आहे गं, असं मी सांगते. काम आहे हे खोटं नाही. शाळा उघडायच्या तोंडावर माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते हे तुला ठाऊक आहे. निळ्या फ्रॉकांचा ढीग, पांढऱ्या कॉलरींचा ढीग, आणि मध्ये मी.

बाहेर हे शाळेची बस धुताहेत. पाइपचा आवाज चालू आहे तोवर मी लिहिते. आवाज थांबला की कागद कापडाखाली. असं करताना माझं मलाच हसू येतं.

परवा तू फोनवर आपल्या मालिकेतल्या शपथवालीच्या नावानं किती बोटं मोडत होतीस! "तिला सगळं माहितेय, दिराचं कारस्थान स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि नवरा समोर उभा असताना ही नुसती ओठ चावते! सांग की भवाने! काय तर म्हणे शपथ घातलीय!" मी म्हटलं, "असेल बिचारीची काहीतरी अडचण." तू म्हणालीस, "ताई, ताप आलाय का तुला?"

बरोबर आहे तुझं. त्या बाईवर सगळ्यात जास्त ओरडणारी मीच. पडद्यामागे उभी राहून चोरून ऐकते आणि नेमकी फुलदाणी पाडते, तेव्हा मी म्हणायची, घरात चालायला जागा नाही का हिला? खलनायकाला एकटी गाठून "मी सगळ्यांना सांगणार आहे" असं सांगते, तेव्हा मी म्हणायची, अगं मग सांग आणि मोकळी हो, त्याला कसली आमंत्रणं देतेस! गाडी अंगावर येते आणि ही रस्त्यात उभी राहून गालांवर हात ठेवून किंचाळते, तेव्हा तर मी उशी फेकून मारली होती टीव्हीला. "बाजूला हो, मेले! पाय आहेत ना?"

आणि आपली आई कोपऱ्यातून शांतपणे म्हणायची, "अगं पोरींनो, तिनं सांगितलं तर मालिका आजच संपेल की." आपण किती हसायचो.

धाकटे, मला आता हसू येत नाही.

पाणी थांबलं होतं. हे आत आले, जुनी चिंधी मागितली. मी कागदावर कॉलर पसरली आणि उगाच कात्री शोधत बसले. तोंडात शीळ होती यांच्या. सुट्टी संपली की हे असेच खुलतात. पोरांशिवाय करमत नाही. सीटा पुसून झाल्या, आता काचा पुसायच्या म्हणाले. आणि जाता जाता दारामागच्या खिळ्याकडे बघून म्हणाले, "हा भिंगरीचाच ना? झालाय की! दे, मी नेऊन देतो." माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, बटण राहिलंय. म्हणाले, "लाव मग लवकर. उद्या तिला पुढच्या सीटवर बसवतो, माझ्या अगदी मागे."

वाचलंस ना? युनिफॉर्म झालाय. तो केव्हाचाच झालाय. सगळ्यात आधी तिचाच शिवला होता मी, नेहमीसारखा. इस्त्री करून दारामागे लटकवला आणि रोज तुला नवीन थाप मारली. शाळेचा नियम तुला माहीत आहे, युनिफॉर्म नाही तर फाटकातून आत नाही. मला वाटलं, युनिफॉर्म नसला की पोर घरी राहील. घरी राहिली की बसमध्ये चढणार नाही. एवढीच माझी अक्कल. मालिकेतल्या बायका बऱ्या, त्यांना निदान कुणीतरी लिहून देतं.

आता सांगते.

सुट्टीत बस गॅरेजमध्ये नेली होती. ज्या दिवशी परत आणायची होती त्या दिवशी मी यांच्याबरोबर गेले, बाजारातून दोरा आणि बटणं घ्यायची होती म्हणून. परत येताना रिकामी बस आणि आम्ही दोघंच. मी पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर. हे बोलत होते. "काचेवरचे वायपर पण..." म्हणाले आणि थांबले.

मला वाटलं काहीतरी आठवत असतील. मी बघितलं तर डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला, आणि माणूस जागेवर नाही. मी म्हटलं, "अहो." मला वाटलं थट्टा करताहेत. पोरांना हसवायला करतात ना तसं, पुतळा होतात आणि मग एकदम "भो" करतात. पण बस रस्ता सोडून फुटपाथवर चढली. हँडब्रेक माझ्या हाताच्या अंतरावर होता. इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसतेय, मला माहीत नाही का तो काय असतो? आणि मी काय केलं असेल, सांग. मी पर्स छातीशी धरली, डोळे मिटले आणि "नाही!" म्हणून किंचाळले. तस्सं. डिट्टो तिच्यासारखं.

पुढे बांधकामाच्या वाळूचा ढीग होता म्हणून आम्ही वाचलो. बस त्यात रुतली. फुटपाथवर कुणी नव्हतं, ही देवाचीच कृपा. आणि तेव्हा हे म्हणाले, "...बदलायला हवेत."

वाक्य पूर्ण केलं गं त्यांनी. मध्ये काही झालंच नाही असं. मग समोर वाळू बघून मलाच विचारलं, "हे काय? आपण इथे कसे?"

त्या प्रश्नानं माझ्या काळजाचं जे पाणी झालं ते अजून तसंच आहे.

आधी म्हणाले, डुलकी लागली. मग म्हणाले, ऊन लागलं. मी म्हटलं, डुलकीत डोळे उघडे असतात का? त्यावर मान खाली घातली. मग हळूहळू निघालं सगळं. हे पहिल्यांदा नाही. घरी कप हातातून पडला होता, मी त्यांनाच वेंधळे म्हणाले होते, तेव्हाही तेच होतं. एकदा सिग्नलला, पोरं बसमध्ये असताना. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा भानावर आले. नशीब, गाडी उभी होती.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, "डॉक्टरनं एकदा कागदावर लिहिलं की लायसन्स गेलं. मला दुसरं येतंय काय? मी घरात बसून तुझी बटणं निवडू?" आणि मग त्या वाळूत उभे राहून त्यांनी माझा हात धरला. "तोंडातून एक शब्द काढलास कुणाजवळ, तर माझं मेलेलं तोंड बघशील. घे शपथ."

शब्दन् शब्द मालिकेतला! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. पण यांचे डोळे ओले होते. मी घेतली शपथ.

तेव्हापासून मला ती बाई कळायला लागली. तिला वेड लागलेलं नसतं गं. तिची जीभ खरंच उचलत नाही. मी शाळेच्या मोठ्या बाईंना फोन लावला, त्यांनी "हॅलो" म्हटलं आणि मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. तुझ्याकडे यायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. यांच्याशी बोलायला जावं तर म्हणतात, "आता बरं वाटतंय, सुट्टीत आराम झाला, विषय संपला." मला दोन्ही बाजूंनी भीती वाटते. बोलले तर हा माणूस स्वतःचं काही बरंवाईट करील याची. नाही बोलले तर... ते मी लिहीत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

आणि खरं सांगू? आईचं ते वाक्यही डोक्यातून जात नाही. सांगितलं तर संपेल. यांची शीळ संपेल, गल्लीभर "बसकाका, बसकाका" चालतं ते संपेल, आमचं दोघांचं काय उरेल ते मला दिसत नाही.

तरीही भिंगरीला वाचवलं की झालं, एवढाच विचार करून मी गप्प बसले होते. आज सकाळपर्यंत.

सकाळी यांच्या बसमधल्या जुळ्या मुलींची आई आली, फ्रॉक न्यायला. मुली बरोबर होत्या. दोघींनी माझ्या आरशासमोर घालून बघितले, गिरक्या घेतल्या, एकीची कॉलर मी सरळ केली. त्यांची आई म्हणाली, "तुमच्या घरचे बसवर आहेत म्हणून मी निर्धास्त कामाला जाते हो. नाहीतर आजकाल कुणाचा भरवसा?" मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हुक जरा जपून लावा, नवीन आहे." आणि दोन्ही फ्रॉक पिशवीत घालून दिले. स्वतःच्या हातानं.

त्या गेल्यावर मी मशीनवर डोकं टेकून बसले. कपड्यांच्या ढिगाकडे बघवेना. ही सगळी पोरं उद्या मी शिवलेले कपडे घालून त्या बसमध्ये चढणार. माझ्या भाचीचा तेवढा मी लपवून ठेवलाय. लोकांच्या लेकी नटवून सजवून पाठवतेय. इतकी वाईट बाई तर आपल्या मालिकेतही नाही.

बोलता येत नाही हे मला पुरतं कळलं होतं. मग अचानक तू आठवलीस. मागे एकदा शपथवाली अशीच मुकी होऊन उभी होती आणि तू ताडकन उठून ओरडली होतीस, "अगं बये, बोलायची बंदी आहे ना? मग लिहून दे! हात मोडलेत का तुझे?" आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

हात मोडलेले नाहीत माझे. म्हणून लिहितेय.

हे पत्र युनिफॉर्मच्या खिशात घालून यांच्याबरोबर पाठवावं असंही क्षणभर मनात आलं. लगेच तुझा आवाज कानात आला, "त्याच्याच हातात देतेस? धन्य आहे!" तेव्हा मी स्वतः येणार आहे. यांना सांगेन, बटण लावलं, देऊन येते. ते काचा पुसताहेत तोवर निघते. कोपऱ्यावरून परत फिरायची नाही.

आता तू काय करायचं ते सांगते. भिंगरीला शेजारी खेळायला पाठव. तुझ्या अहोंना आमच्याकडे पाठव, आत्ताच. त्यांनी काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही, बस पुसू लागायचं आणि यांना एकटं सोडायचं नाही. ते दोघं एकत्र असले की मग शाळेच्या मोठ्या बाईंना तू फोन लाव. उद्या बस यांच्या हातात देऊ नका, एवढं कळव. बस त्यांची आहे, माणूस त्यांना दुसरा मिळेल. नंतर आपण दोघी इकडे येऊ आणि यांना डॉक्टरकडे नेऊ, चिडले तरी, ओरडले तरी. माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. मेलेलं तोंड बघायची शपथ घातलीय ना त्यांनी? मला त्यांचं जिवंत तोंड बघायचंय, रागानं लाल झालेलं का असेना. आणि त्या जुळ्यांची तोंडं पण.

माझ्यावर ओरडायचं असेल तर मागाहून ओरड. उशी फेकून मार. पण आधी फोन.

युनिफॉर्म पिशवीत आहे. बटणं सगळीच लावलेली आहेत.

हे मी तुझ्या हातात दिलं तेव्हा काही बोलले नसेन, आणि तू म्हणाली असशील, "हे काय नवीन खूळ, ताई?" आता वाचून झालं असेल. कागद खाली ठेव आणि वर बघ.

तुझ्यासमोर बसलेली,
ताई