गळती

सोमवार, ४ डिसेंबर

अखेर नोकरी! वर्षभर घरी बसून आईचे टोमणे खाल्ले, आज स्वतःचं टेबल, स्वतःची खुर्ची, आणि खुर्ची चक्क गोल फिरणारी. ताईने शब्द टाकला म्हणून जमलं. ती इथेच तळमजल्यावर, मुख्य दारासमोर स्वागताला बसते. सगळ्यांसमोर तिने ओळख करून दिली ती अशी, की आमचा हा धाकटा, आत कुणी आंघोळ करत असतानाही न्हाणीतला दिवा मालवतो. हशा पिकला. मीही हसलो, करतो काय.

काम सोपं आहे. सात मजली काचेची इमारत, सगळी ऑफिसं, आणि गरम ठेवण्याचा खर्च म्हणजे डोळे पांढरे व्हावेत असा. तो खाली आणायचा. मॅनेजरसाहेबांना सगळे पाठीमागे काटकसरराव म्हणतात. ते म्हणाले, आधी गळती शोधा. दिवसभर पेटती मेणबत्ती घेऊन खिडक्यांच्या फटी धुंडाळत फिरलो. ज्योत हलली की तिथून ऊब बाहेर जातेय. पाय मोडून आले, पण मजा आली.

गुरुवार, ७ डिसेंबर

फटी बुजवल्या, दारांची झिजलेली रबरं बदलली. आज नवी यंत्रणा सुरू केली. कुठे किती ऊब हवी ते तीच ठरवते, पण ऊब येते कुठून हे आधी तिला सांगावं लागतं. बॉयलर, कॉम्प्युटर, दिवे. आमच्या धंद्यात माणसंही हिशेबात धरतात; नुसता बसलेला माणूससुद्धा जुन्या बल्बाइतकी ऊब देतो. पडद्यावरच्या यादीत प्रत्येकापुढे प्रश्न होता, ही ऊब नुसती मोजायची की घ्यायची? इतका कंटाळा आला होता! सरसकट सगळ्यांपुढे 'घ्यायची' दाबलं आणि घरी आलो.

मंगळवार, १२ डिसेंबर

बॉयलर आपोआप बंद झालाय आणि इमारत तरीही छान गरम. काटकसररावांनी पाठ थोपटली आणि बॉयलर लगोलग भंगारात काढला. मी हो म्हणालो.

सगळे जांभया देतायत. ताई दोन स्वेटर घालून बसली होती, म्हणे पाय गारठलेत. म्हटलं, वय झालं तुझं. एरवी तिने पाठीत धपाटा घातला असता. आज हात स्वेटरच्या बाहीतून बाहेरच काढला नाही.

मलाही जिने चढवत नाहीत.

शुक्रवार, १५ डिसेंबर

हिशेबवाल्या बाई टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. डबे तसेच बंद. सर्दीतापाची साथ आहे, असं काटकसरराव म्हणाले. तेही भिंतीला टेकूनच बोलत होते.

ताईचा हात धरला. बर्फ. माझ्याकडे बघून तिने विचारलं, कुणाला भेटायचंय आपल्याला?

तेव्हा ती यादी आठवली. धावत यंत्रणेकडे गेलो. माणसांपुढचं 'घ्यायची' काढायला गेलो, तर यंत्रणेने उबेची दुसरी सोय काय ते विचारलं. बॉयलर नाही, म्हणून बदल नामंजूर. मेन स्विच पाडला. दिवे गेले. ऊब गेली नाही.

ताईला अक्षरशः ओढत बाहेर काढलं, टॅक्सीत घातलं. घरी येऊन दोन घास खाल्ल्यावर तिच्या तोंडावर रंग आला आणि तिने मला शिव्या घातल्या. देवा, किती बरं वाटलं त्या ऐकून. ही सगळी माझी करणी आहे. तिला काही झालं असतं तर —

शनिवार, १६ डिसेंबर

पोलिसांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

सोमवार, १८ डिसेंबर

एकटाच आलो. ताईला आत पाय टाकायचा नाही म्हणून बजावलंय. तिने बदल्यात फोन उचलायचं वचन घेतलं.

शुक्रवारपासून कुणी घरीच गेलेलं नाही. दारं उघडी आहेत. कुणाला उठवतच नाही, इतकंच. हिशेबवाल्या बाईंचा नवरा त्यांना न्यायला आला होता म्हणे. बाईंचं आवरेपर्यंत जरा टेकतो म्हणून सोफ्यावर बसला. अजून तिथेच आहे.

मेन स्विच पाडलेलाच, तरी यंत्रणेचा पडदा चालू. त्यावर शुक्रवारची नोंद — मुख्य दार, गळती. म्हणजे ताई. ताईला यंत्रणा फट समजतेय.

हातोडा आणलाय. जरा बसतो आणि —

मंगळवार

बसायला नको होतं.

ताईच्याच खुर्चीत आहे. हातोडा पायाशी. वाकवत नाही. काय सुरेख उबदार आहे इथे, आणि मी आतून —

फोन वाजतोय. समोरच आहे. ताई.

बुधवार?

फोन परत. परत. थांब गं बाई.

पेन्सिल धरवत

थांबला फोन.

काचेबाहेर टॅक्सी. कुणीतरी उतरलं, चिडून दार आपटलं — ताई — ताईच. दोन दोन पायऱ्या चढतेय. माझ्यासाठी धावतेय.

आवाज फुटत नाही. ही वही उलटी धरली तर काचेतून दिसेल तिला, मोठ्या अक्षरात लिहितो

ताई आत नको ये

ताई आत न