नात्याचा रकाना

हैदराबाद, ३ जुलै २०२५

ती. अप्पांस,
जय भीम वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून झालं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी माझे डोळे तपासले. नजर आता मधल्या पंधरा अंशांपुरती उरली आहे.
२. नव्या औषधाच्या चाचणीसाठी माझी निवड झाली.
३. कुटुंबाच्या तक्त्यात, नात्याच्या रकान्यात मी लिहिलं: वडील हे आईचे सख्खे मामा.
४. दवाखान्याची बाई घरी आली, तेव्हा तुम्ही सांगितलंत, लग्नाआधी काही नातं नव्हतं.
५. दोन्ही जुळत नाहीत. माझं नाव अडलं आहे.

असं का सांगितलंत?

शिवकन्या

कोहिनूर, ८ जुलै

चि. शिवकन्यास,
जय भीम. आशीर्वाद.

तूर पेरून झाली. ती बाई आल्या आल्या तेच इचारली. शहरातली माणसं मामा-भाचीचं लगीन म्हणलं की तोंड वाकडं करतेत, म्हणून न्हाई म्हणलो. तुझी आई म्हणती, डाक्टरला लाजायलाव, मांडवात कामून न्हाई लाजलाव? तुझ्या धाकट्या भैनीचं, मंगलचं, तुझ्या बुद्धरत्न मामासंगं लगीन ठरायलंय. आता रक्ताची गोष्ट काढू नको. आन् एवढी शिकून उंदरावाणी डोळ्यात सुई कामून घ्यायलीस?

तुझा अप्पा,
रामराव

हैदराबाद, १२ जुलै

ती. अप्पांस,
जय भीम वि. वि.

उंदरांचं झालं, आता माणसांची पाळी आहे. उजेड ओळखणाऱ्या माझ्या पेशी मरत आहेत. हा दोष आईवडिलांच्या रक्तातून येतो, म्हणून नातं विचारतात. हे रसायन शेजारच्या जिवंत पेशींना ते काम करायला लावतं. या टप्प्यात फक्त अपाय होतो का ते पाहतात. दिसेलच असं नाही. नोकरीत मी औषधंच तपासते, मला हे ठाऊक आहे. तरी मी जाणार.

तुमच्या लग्नाची मला लाज नाही. तुमची लाज माझ्या डोळ्यांनी का सोसायची?

मंगलने बुद्धरत्न मामाला स्वतः सांगितलं, दोघांचं रक्त तपासल्याबिगर हळद लावून घेत न्हाई. तो म्हणाला, सुईला भिणारा नवरा चालत नसंल तर आत्ताच सांग. पण येतो म्हणाला.

तक्ता मी बदलणार नाही. रविवारी, २० तारखेला, हुमनाबादच्या दवाखान्यात रक्त घेणार आहेत. तुमचं आणि आईचं, दोघांचं लागतं, शिवाय तक्त्यावर तुमची सही. आई येणार आहे. ती एकटी आली तर माझं नाव रद्द होईल.

लोभ आहे, तो मागत नाही. तुम्ही येणार की नाही, ते १८ जुलैपर्यंत कळवा.

तुमची,
शिवकन्या