अप्पांच्या कॅमेऱ्याला नवी बॅक

३ मार्च

चि. टिल्लू यास अ. आ.

तुला टक्कल पडलं, सून आली, तरी मी टिल्लूच म्हणणार. फोन करणार होते, पण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत लावलेली पत्रांची सवय जात नाही. आधी नीट बस आणि मग वाच. अप्पांचा कॅमेरा पुन्हा चालू होतोय!

फिल्म धुऊन देणाऱ्या शेवटच्या माणसानेही दुकान बंद केलं, तेव्हा मी कॅमेरा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. अप्पांच्या स्टुडिओत वावरताना त्या कपाटाकडे बघवत नसे. काल दुरुस्तीवाल्याने सांगितलं, की मागचा फिल्मचा डबा काढून तिथे डिजिटल बॅक बसवता येते. बाकी सगळं तेच, लेन्ससुद्धा अप्पांचीच. त्याच्याकडे अशा दोन बॅक आहेत, एक नवी कोरी, एक वापरलेली. दोन्ही घरी न्या, पटेल ती ठेवा म्हणाला. मी दुकानातच टाळी वाजवली!

पहिला फोटो अर्थात आत्याचा. आई गेल्यावर तिने आपल्याला वाढवलं, आणि तिच्या चेहऱ्याचा एकही फोटो आपल्याकडे नाही. अप्पांनी काढलेले स्टुडिओत पाणी शिरलं तेव्हा गेले. बाकी कुणी मोबाइल वर केला की ही भिंतीकडे तोंड फिरवते. आता ती नव्वदीला टेकली आहे रे. कोणती बॅक घेऊ, लगेच कळव.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी ऑफिसात एकटाच हसत होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काळजीने पाणी आणून दिलं.

यात विचार कसला करायचा? नवीच घे. तिचे मेगापिक्सेल वापरलेलीच्या तिप्पट, कमी उजेडातही चालते, मागचा पडदा मोठा. जुनी फक्त चौकोनी फोटो काढते आणि भरपूर उजेड मागते. तुला जुन्याचा लळा आहे, ठाऊक आहे मला. तू अजून कंपासपेटीत बटणं ठेवतेस. पण एवढ्या एका बाबतीत धाकट्याचं ऐक.

लेक परवा विचारत होती, की आत्याआजी हसते तेव्हा कशी दिसते. मला सांगता येईना. नुसता अंबाडा आठवत राहिला. तेवढा फोटो मिळव, ताई.

तुझ्या रागासकट लोभ हवाच आहे.

टिल्लू

१६ मार्च

चि. टिल्लू यास अ. आ.

तुझं ऐकलं आणि फजिती झाली!

तुझ्या त्या नवीचा फोटो आडवा येतो. उभा हवा तर अख्खा कॅमेरा कुशीवर निजवायचा. मग या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायची जी काच, ती बाजूला जाते, आणि मी कोंबडीसारखी मान वाकडी करून डोकावत बसले. दुरुस्तीवाल्याने डोळ्याला लावून बघायचा भिंगाचा डबा दिला. तो लावून मी कॅमेरा चेहऱ्यासमोर धरला, आणि आत्याबाईंनी तोंड फिरवलं. अंबाड्याचे फोटो इतके सुरेख आलेत, की त्यातली एकेक पिन मोजून घे.

हिरमुसून दुसरी बॅक लावली. ती चौकोनी, त्यामुळे कॅमेरा आडवा-उभा करायची भानगड नाही. आत्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं, कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरला, आणि अप्पांसारखी मान खाली घालून वरच्या काचेत बघू लागले. आत्या भिंतीकडे वळलीच नाही! उलट विचारू लागली, की खाली काय सांडलंय, एवढं काय शोधतेस. मग म्हणाली, की भांगाशी केस अगदी बापासारखे विरळ झालेत, तेल लावत जा. मला हसू आवरेना, हात हलू नये म्हणून श्वास रोखला, आणि बटण दाबलं.

आलाय रे फोटो! सोबत पाठवतेय. जुनीच ठेवते आहे, मेगापिक्सेल तुला लखलाभ. फक्त एक खटकतं. ती लेन्सकडे बघत नाहीये, नजर किंचित वर गेलीय. पुन्हा काढू का?

लोभ ठेव, टोमणे मात्र आवर.

ताई

२३ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हरलो. जुनीच ठेव.

फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. लेक त्याच्यासमोरून हलत नाही. आणि खबरदार, पुन्हा काढशील तर! आत्याची नजर चुकलेली नाही. ती तुझ्या वाकलेल्या डोक्याकडे बघतेय. आपण दोघं जमिनीवर बसून अभ्यास करायचो आणि ती मागे खुर्चीत असायची, तेव्हा ती आपल्याकडे अशीच बघत असणार. आपल्याला ते कधी दिसलं नाही, ताई. आपली डोकी वहीत असायची.

तेल लावत जा.

लोभाची गरज असलेला,

टिल्लू